जोगांचं व्हायोलिन

टावर चौकातला गोंगाट आत येऊ नये म्हणून खिडकी लावून मी आईची कॅसेट ऐकते. पंडित वि. गो. जोगांचं व्हायोलिन, उस्ताद बिस्मिल्ला खाँची सनई. जोगांचा जन्म १९२२ चा, पुढे पद्मभूषण, २००४ साली कोलकात्यात गेले. एवढं कुठेही मिळतं. पण मैत्रिणींनो, ऐका ते थांबतात कुठे! सनईला श्वास लागतो, गजाला नाही. तरी जोग खाँसाहेबांचं पुरतं होऊ देतात, मग तीच जागा तारेवर बोट घासत जराशी वळवून परत देतात. वाद्य युरोपातलं, पण मांडी घालून बसलेलं, अगदी घरातलं.

सनईमुळे आमच्याकडे तिला सगळे 'लग्नाची कॅसेट' म्हणत. आई मात्र व्हायोलिनसाठी लावायची. तिला शिकायचं होतं, लग्नात राहून गेलं. फीत दोनदा चिकटवली आहे. तिथे सूर अडखळतो. लेक म्हणते, मोबाईलवर स्वच्छ मिळेल. मिळतंही. परवा तिनेच विचारलं, "आजीला कुठला राग आवडायचा?" मला सांगता आलं नाही.