स्वार, गारदी आणि आपलं ऑफिस

परदेशी क्लायंटबरोबर काम सुरू होण्याआधी हल्ली एक ट्रेनिंग असतं. जपानी माणूस 'हो' म्हणाला तर काय समजायचं, जर्मन माणसाचं रोखठोक बोलणं मनावर का घ्यायचं नाही, वगैरे. सूर असा, की नाना तऱ्हेच्या माणसांनी एका छपराखाली काम करणं हे आयटीवाल्यांनीच सुरू केलं. मंडळी, निदान पुण्यात तरी असं म्हणू नये!

आपलं स्वारगेटच घ्या. इथे घोडेस्वारांची चौकी होती, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. ते काहीही असो, शब्द बघा: 'स्वार' फारसीतून आलेला, 'गेट' इंग्रजी. आणि या स्वारांचे सहकारी होते गारदी. हा शब्द मुळात फ्रेंच. गारदी म्हणजे युरोपियन पद्धतीची कवायत शिकलेलं पायदळ. त्यांचा सरदार इब्राहिमखान हा आधी निजामाच्या चाकरीत फ्रेंचांच्या हाताखाली तयार झालेला.

दोघांची काम करायची रीत एकदम उलटी. स्वाराने वेगाने जायचं, शत्रूचे लचके तोडायचे आणि अंगाशी आलं की निसटायचं. गारद्याने रांगेत उभं राहायचं, हुकूम झाल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही. मल्हारराव होळकरांचा भरवसा गनिमी काव्यावर, तर सदाशिवरावभाऊंचा इब्राहिमखानाच्या तोफांवर.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गारद्यांनी डाव्या बगलेला रोहिल्यांची दाणादाण उडवली. मग मागे थांबायचं ठरलेले विंचूरकर-गायकवाडांचे स्वार चेव येऊन पुढे घुसले आणि आपल्याच तोफांच्या आड आले, असं त्या लढाईच्या वर्णनांत वाचायला मिळतं. शौर्यात कोणी कमी नव्हतं. इब्राहिमखानाने तर शेवटपर्यंत भाऊंची साथ सोडली नाही, त्यात जीव गमावला. माणसं जमवली होती, पण दोन रीतींची सांगड कोणी घातली नव्हती. (ओळखीचं वाटतंय ना?)

पुढची गोष्ट जास्त वाईट. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. 'ध'चा 'मा' आपल्याला पाठ असतो, पण गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची मागणी करत, हे आपण विसरतो. कट राघोबादादांच्या बाजूचा, पण असंतोष आयताच तयार होता.

आता गंमत बघा. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव बापाच्या खुनानंतर जन्मला. भाडोत्री परक्यांचा धसका घ्यायला याच्याइतकं कारण दुसऱ्या कुणाला असणार? पण त्याच्याच कारकिर्दीत, १७९२ मध्ये, फौजेतल्या कॅथलिक शिपायांना प्रार्थनेसाठी जागा दिली गेली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच (आजची इमारत नंतरची). स्वारगेटहून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर!

अठरा वर्षांचा पेशवा आणि कारभार नाना फडणविसांचा, त्यामुळे निर्णय नेमका कुणाचा यावर वाद घालता येईल. पण परक्या माणसाला कामावर ठेवायचं तर त्याचा पगारही बघावा लागतो आणि त्याचा रविवारही, एवढं त्या दरबाराला कळलं होतं. 'बाहेरच्यांनी पुणं बिघडवलं' असं चहाच्या टपरीवर ऐकू आलं, की मला हे चर्च आठवतं.

असो. आता स्वारगेटला उतराल तेव्हा पाटी एकदा नीट वाचा.