१९१८ ची इन्फ्लुएन्झा साथ : भारतातील प्रसार, परिणाम आणि मृत्युगणनेचा प्रश्न

प्रस्तावना :
पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सर्वाधिक मृत्यू भारतात झाले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही साथ ‘मानमोडी’ या नावाने लोकस्मृतीत राहिली. इतिहासग्रंथांत मात्र १९१८ हे वर्ष मुख्यतः युद्धसमाप्ती व माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालासाठी ओळखले जाते. प्रस्तुत निबंधात साथीचा प्रसार, तिचे परिणाम आणि मृतांच्या संख्येविषयीचे मतभेद यांचा विचार केला आहे.

साथीचा प्रसार :
जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर नेमलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट अत्यंत घातक ठरली. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेमार्गांनी व प्रवाशांबरोबर ही लाट दख्खन, मध्य प्रांत आणि उत्तर भारतात पोहोचली. पूर्वेकडे सरकताना तिचा वेग व तीव्रता कमी झाली. त्यामुळे बंगालपेक्षा पश्चिम व मध्य भारताची हानी अधिक झाली.

सामाजिक परिणाम :
त्याच वर्षी नैऋत्य मोसमी पावसाने दगा दिला. धान्यटंचाई व महागाई यांनी गांजलेल्या जनतेवर साथीचा आघात झाला. २० ते ४० या कर्त्या वयोगटातील माणसे, त्यातही स्त्रिया, मोठ्या प्रमाणावर बळी पडल्या. मुंबईत तथाकथित कनिष्ठ जातींमधील मृत्युदर दर हजारी ६१.६ होता, तर युरोपियनांमधील ८.३ होता. रोगजंतू सर्वांसाठी एकच असले तरी निवारा, आहार व शुश्रूषा सर्वांना सारखी नव्हती, हेच यातून स्पष्ट होते.

मृत्युगणनेचा प्रश्न :
सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये मृतांची संख्या सुमारे ६० लाख मानली. १९२१ च्या जनगणनेनंतर ती १.२ ते १.३ कोटी मानली जाऊ लागली. आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये १.७ ते १.८ कोटी, तर चंद्रा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुमारे १.३९ कोटी असा अंदाज मांडला. या तफावतीचे एक कारण नोंदणीव्यवस्थेत आहे. खेड्यातील मृत्यूची नोंद गावकामगारांकडे असे. साथीत नोंद करणारेच आजारी पडले. शिवाय बहुतेक मृत्यू केवळ ‘ताप’ या सदरात लिहिले गेले. त्यामुळे नेहमीपेक्षा किती मृत्यू अधिक झाले, यावरूनच अंदाज बांधावा लागतो.

निष्कर्ष :
१९११-२१ हे भारताच्या जनगणनेतील लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक होय. या घटीचे प्रमुख कारण ही साथ होती. ६० लाख आणि १.८ कोटी या आकड्यांमधील अंतर हा केवळ सांख्यिकीचा वाद नाही; जिवंतपणी ज्यांची दखल शासनाने घेतली नाही, त्यांच्या मृत्यूचीही दखल घेतली गेली नाही, याचा तो पुरावा आहे. जुन्या जन्ममृत्यू नोंदवह्या व मौखिक परंपरा यांचा गावपातळीवर अभ्यास झाल्यास हे अंतर काही अंशी भरून काढता येईल.