राजगिऱ्याचा लाडू

श्रोतेहो, एकादशीचा राजगिऱ्याचा लाडू आपण घरीच करतो. कढई चांगली तापवायची, मूठमूठ दाणे टाकून फडक्याच्या बोळ्याने हलवायचे, लाह्या फुटल्या की गुळाच्या पाकात घालून गरमागरम लाडू वळायचे. पण हा दाणा मूळचा मेक्सिकोचा बरं का! तिथले अ‍ॅझ्टेक लोक त्याचे पीठ गोड पाकात मळून देवाच्या मूर्ती करीत व प्रसाद म्हणून वाटून खात. १५२१ साली स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकली. ती पूजा मोडली, पीकही मागे पडले. तरी गावोगावच्या शेतकऱ्यांनी बी जपले. तिथे आजही लाह्यांची गोड वडी मिळते. तिचे नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा. बी राखणाऱ्या शेतकऱ्याचाही इतिहास असतो.