माढा तालुक्यातील शेतकरी कुटुंबे : एकोणिसाव्या शतकातील नोंदी

सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या माढा तालुक्यातील शेतकरी कुटुंबांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास मुख्यत्वे महसुली कागदपत्रांतून जुळवावा लागतो. स्कॉटलंडमध्ये १८४१ पासूनच्या शिरगणतीत घरोघरच्या माणसांची नावे व वये मिळतात, तर १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची नोंद आढळते. माढ्याकडील दप्तराचा आरंभच जमिनीपासून होतो. कुटुंब त्यात ओघाने येते.

पेशवाईतील थळझाड्यांत शेताचे थळ, त्याचे मिरासदार व त्यांचे हिस्से यांची नोंद असे. थळास पुष्कळदा मूळ घराण्याचे नाव असे. ते घराणे नष्ट झाले, की जमीन ‘गतकुळ’ म्हणून लिहिली जाई. अनेक कुटुंबांचा एवढाच पुरावा उरला आहे. ब्रिटिश अंमलात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर येथे लागू केलेली जमाबंदी काही वर्षांतच शेजारच्या माढा भागात आली. ३३ फुटी साखळीने शेते मोजून, मातीची प्रत आण्यांत ठरवून ३० वर्षांसाठी सारा बांधण्यात आला. क्रमांकापुढे सामान्यतः साऱ्यास जबाबदार खातेदाराचेच नाव चढे. एकत्र कुटुंबात हे नाव कर्त्या पुरुषाचे असल्याने धाकटे भाऊ, मुलगे व सालगडी यांचा त्यात पत्ता लागत नाही. घरातल्या घरात वाटणी झाली, तरी खाते वडिलांच्याच नावे चालू राही. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर ही उणीव हळूहळू दूर होऊ लागली.

नावे लिहिण्याची पद्धत मात्र वंशावळ लावण्यास उपकारक आहे. ‘बिन’ या शब्दापुढे बापाचे, ‘कोम’ या शब्दापुढे नवऱ्याचे नाव येते. खाते विधवेकडे आले, तरच स्त्रीचे नाव महसुली कागदावर येण्याचा संभव असे. तिचे माहेर त्यावरूनही कळत नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळाने या नोंदींत मोठा खंड पाडला. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये सु. ७·१९ लाख होती, ती १८८१ मध्ये सु. ५·८२ लाखांवर आली. मेलेली व देशांतरास गेलेली माणसे या आकड्यांत एकत्रच आहेत. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा सोलापूर जिल्ह्यासही लागू झाला. कर्जबाजारीपणावर तो कितपत उपाय ठरला, याविषयी मतभेद असले, तरी शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्रामनिबंधकापुढे होऊ लागल्याने कुटुंबेतिहासाला नवे साधन मिळाले. अशा दस्तांत नावाबरोबर वय, जात व धंदा हा तपशीलही आढळतो.

सरकारी दप्तराबाहेर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या व गावोगाव हिंडणाऱ्या हेळव्यांनी राखलेल्या वंशावळी ही साधने आहेत. हेळव्यांच्या कथनात सन क्वचितच मिळतो, पण महसुली कागदांत न आलेले भाऊबंद तेथे भेटतात.

या मोडी कागदांना २०२३ मध्ये अनपेक्षित महत्त्व आले. मराठा समाजातील व्यक्तींना कुणबी जातीचा दाखला देण्यासाठी जुन्या नोंदी शोधण्याकरिता राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रारंभी मराठवाड्यापुरते असलेले हे काम पुढे राज्यभर विस्तारले. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातही महसुली अभिलेख व जन्ममृत्यूच्या नोंदवह्या तपासण्यात आल्या. ‘कुणबी’ हा शब्द लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या दृष्टीने तो बहुधा शेती करणाऱ्याचा साधा निर्देश होता. पूर्वजापुढे तो लिहिलेला असणे वा नसणे यावर आता वंशजांचे शिक्षण व नोकरीतील आरक्षण अवलंबून असते.