आजीच्या हमेलीतला रुपया

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटातल्या एका बाईने आजीची हमेल मोडली. अकरा रुपये होते. "जुनं नाणं म्हणजे अर्धी चांदी," असं म्हणत घेणाऱ्याने सगळे एकाच भावाने घेतले. साल कोणी पाहिलंच नाही. म्हणून आज त्या सालांबद्दलच बोलू.

आपल्याकडे रुपया हे वजनही होतं. रुपयाभार ओवा म्हणजे तोळाभर, ११.६६ ग्रॅम. कंपनी सरकारने १८३५ साली याच वजनाचा रुपया पाडला. बारा भागांत अकरा भाग चांदी. १८४० पासून त्यावर राणी व्हिक्टोरिया आली, मग एडवर्ड, मग पंचम जॉर्ज. चेहरे बदलले, चांदी तेवढीच राहिली. कापूस विकून हाती आलेल्या रुपयाला कडी लावून बाया तो गळ्यात घालत. तांड्यावर तर तीच बायांची बँक होती.

१९११च्या रुपयाची गंमत ऐका. राजाच्या अंगावरच्या साखळीत हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला! ओरड झाली, नाणं मागे घेतलं, पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. वाचलेल्या त्या रुपयाला शौकीन लोक आजही जास्त मोजतात. पण कडी डाखलेली असेल तर भाव उतरतो, आणि चिंचेने घासून चकचकीत केलं तरी उतरतो.

खरा फरक १९४० साली पडला. महायुद्धात चांदी टंचाईची झाली आणि सरकारने रुपयातली चांदी निम्मी केली. वजन तेच, दिसायलाही तसाच. १९४७च्या वाघाच्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा. लोहचुंबक लावा, चिकटतो. उमरखेडकडच्या घरांत पैनगंगेपलीकडचा, निजामाचा चारमिनार छाप रुपयाही सापडतो. त्यात चांदी कलदारापेक्षा कमी.

आता हिशोब करा. १९४० च्या आधीच्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, नंतरच्यात ५.८. सगळे अकरा जुने असतील तर फरक ५३ ग्रॅमच्या आसपास जातो. त्या दिवशीच्या भावाने गुणून पाहा.

भोकाचा पैसा, ढबू पैसा, १९५७ नंतरचे नवे पैसे यांना मात्र बहुधा फारसं मोल नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनही गेली. "पाच रुपयाच्या नाण्याला लाखो देतो, आधी फी भरा," असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही. तिच्या नावाने फसवणूक होते, असं तिने २०२१ साली जाहीरही केलं होतं.

आमच्या त्या मैत्रिणीकडे लग्नातला एक फोटो निघाला. हमेल गळ्यात आहे. मोठा करून पाहिला, तर तीन नाण्यांवर राणी स्पष्ट दिसते. बाकीची पालथी. एक रुपया कडी तुटून आधीच निसटला होता, तो कुंकवाच्या डब्यात सापडला. त्यावर १९१८ आहे.