सुवर्ण ठरल्यानंतरची उडी

२० ऑगस्ट १९२०, बेल्जियममधलं अँटवर्प. तुम्ही बीअरशॉटच्या स्टेडियममध्ये शिरता तेव्हा पाऊस लागलेला आहे आणि बाकांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या आहेत. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. युद्धात या देशानं जे सोसलं त्याची दखल म्हणून ऑलिंपिक इथं आलं, पण तिकिटाला पैसे काढायचे कुठून? पाच वर्तुळांचा झेंडा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच फडकतोय, तो या खेळांत.

पळायच्या मार्गाचा चिखल झालाय. तिकडे वेळ घालवू नका, पोल व्हॉल्टच्या कडेला या.

खाली ठेवलेला तो पोल नीट बघा. अस्सल बांबू आहे. फायबरग्लासचा पोल धनुष्यासारखा वाकतो आणि उडीपटूला वर फेकतो. हा तसं काही करणार नाही. टोक जमिनीतल्या खळग्यात रुतलं की खालचा हात झटकन वरच्या हातापाशी सरकवायचा आणि दंडा-खांद्यांच्या जोरावर देह वर ओढायचा. बांबू ओला, मूठ ओली. पलीकडे जाड गादी नाही, वाळू आहे. त्यामुळे पाठीवर बिनधास्त कोसळायची सोय नाही, पायांवरच उतरावं लागतं. वर जाताना उतरण्याचाही विचार डोक्यात हवा.

डेन्मार्कचा हेन्री पीटरसन ३.७० मीटरवर थांबलाय. अमेरिकेचा एडविन मायर्स ३.६० वर. उरलाय एकटा फ्रँक फॉस, तोही अमेरिकेचाच. हा अमेरिकी संघ आला तो ‘प्रिन्सेस मटोइका’ नावाच्या जहाजातून. युद्धात मेलेल्या सैनिकांची शवं मायदेशी नेणारं जहाज ते. त्या प्रवासाच्या हालांविरुद्ध खेळाडूंनी उघड तक्रार केली होती.

सुवर्ण फॉसचं झालंय. आता टॉवेल गुंडाळून आत गेला तरी कोणी बोल लावणार नाही. पण तो दांडी वर चढवायला सांगतो. मला पोल व्हॉल्टचं मोठं अप्रूप वाटतं ते याचसाठी. शर्यत जिंकली की पळणं संपतं. इथं जिंकल्यावरही माणूस पुन्हा मागे जाऊन उभा राहू शकतो.

दांडी आता ४.०९ मीटरवर आहे.

तो धावत सुटतो. पावलांखालून पाणी उडतं. बांबू खळग्यात बसतो, हात जुळतात, पाय डोक्याच्या वर जातात. क्षणभर तो उलटा उभा असतो, मग अंग वळवून दांडीवरून पलीकडे. तुमची नजर त्याच्यावर नाही, दांडीवर आहे. ती जागची हललेली नाही.

१९१२ साली मार्क राइटनं केलेला ४.०२ मीटरचा विश्वविक्रम मोडला, तोही भर पावसात. दुसऱ्या क्रमांकाशी अंतर ३९ सेंटिमीटर! ऑलिंपिकच्या पोल व्हॉल्टमध्ये एवढा फरक आजतागायत कोणी पाडलेला नाही. विक्रम मात्र फार टिकणार नाही. १९२२ मध्ये नॉर्वेचा चार्ल्स हॉफ ४.१२ मीटर जाईल.

एवढ्यात परतू नका, मुक्काम काही दिवस वाढवा. दोराबजी टाटांच्या पुढाकारानं आलेला भारतीय संघ याच शहरात आहे. २२ तारखेला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावतील, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण करतील आणि एकोणिसावे येतील. त्यानंतर कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथे येतील, कांस्यपदक एका लढतीनं हुकेल. त्या दोघांसाठी ओरडायला इथं मराठी माणसं फारशी नसतील. तुम्ही असा.