विद्यार्थी संघटना व लेखाधिकार

लेखाधिकाराच्या म्हणजेच कॉपीराइटच्या वादांत लेखक व प्रकाशक यांची बाजू सहसा मांडली जाते; विद्यार्थ्याची बाजू क्वचितच पुढे येते. याला ठळक अपवाद म्हणजे दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांची असोसिएशन ऑफ स्टुडंट्स फॉर इक्विटेबल ॲक्सेस टू नॉलेज ही संघटना होय.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात विद्यापीठाच्या परवान्याने रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे लहानसे दुकान चालत असे. अध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र करून त्यांच्या छायाप्रतींचे संच तेथे अल्प दरात मिळत. एकेका प्रकरणासाठी महागडे मूळ ग्रंथ विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकान व विद्यापीठ यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि लवकरच संचांच्या विक्रीस मनाई झाली.

१९५७ च्या अधिनियमातील कलम ५२ अन्वये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने काढलेली प्रत हा अधिकारभंग ठरत नाही. ज्याच्यासाठी हा अपवाद केला, तो विद्यार्थी कायद्यात होता. दाव्यात मात्र नव्हता. दुकानदाराचा बचाव धंद्याचा आणि विद्यापीठाचा प्रशासनाचा ठरण्याची भीती होती. म्हणून संघटनेने अर्ज केला व २०१३ मध्ये ती प्रतिवादी झाली. ज्यांच्या संरक्षणासाठी हा दावा असल्याचे सांगितले जात होते, त्या लेखकांपैकीही अनेकांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. एके काळी याच संस्थेत अध्यापन केलेल्या अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना पत्र लिहिले.

अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान, हा प्रकाशकांचा अर्थ न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी अमान्य केला व १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. लेखाधिकार हा नैसर्गिक व निरपवाद हक्क नव्हे, असेही त्यांनी म्हटले. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हा व्यापक अर्थ उचलून धरला. मात्र नेमलेल्या मजकुराची अध्यापनासाठी आवश्यकता आणि संपूर्ण ग्रंथांच्या छायाप्रती हे मुद्दे पुराव्यानिशी तपासण्यासाठी दावा पुन्हा एकसदस्य न्यायपीठाकडे पाठविला. प्रकाशकांची तक्रार याच मुद्द्यांवर काहीशी सबळ होती. परंतु मार्च २०१७ मध्ये त्यांनी दावाच मागे घेतला आणि ही तपासणी राहून गेली. इंडियन रेप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशनची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये फेटाळली.